दुर्बिणीचा हिशेब आणि यंत्राच्या दोन भाषा

आमच्या निपाणीवरून जाणारा महामार्ग कोल्हापूर, सातारा करीत पुण्यास पोहोचतो. तेथून नाशिकचा रस्ता धरला, म्हणजे नारायणगावाजवळ खोडद नावाचे गाव लागते. या गावच्या परिसरात आकाशाकडे तोंड करून बसलेल्या तीस अवाढव्य तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतील चौदा मध्यभागी जवळजवळ मांडलेल्या असून उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर दूर दूर उभ्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. ही जी. एम. आर. टी. या नावाने ओळखली जाणारी महाकाय रेडिओ दुर्बीण होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने ती उभारली आणि तिच्या कल्पनेचे श्रेय डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्याकडे जाते.

वाचकांना वाटेल, दुर्बीण म्हटली की भिंगातून पाहावयाचे. येथे पाहावयास काहीच नसते. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी तबकड्यांवर पडतात, त्यांचे आकडे होतात, आणि त्या आकड्यांचा हिशेब केल्यावर चित्र तयार होते. जी. एम. आर. टी.चे चित्र हे सर्वस्वी गणिताने काढलेले चित्र आहे. म्हणून या लेखात आम्ही ताऱ्यांविषयी थोडे आणि हिशेबाविषयी पुष्कळ लिहिणार आहोत.

हिशेब किती मोठा, ते प्रथम पाहू. तबकड्या तीस असल्या तरी काम चालते ते जोड्यांनी. प्रत्येक तबकडीवर आलेली लहर दुसऱ्या प्रत्येक तबकडीवर आलेल्या लहरीशी गुणून पाहावी लागते. तीस वस्तूंच्या जोड्या किती होतात, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास काढता येईल. ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. आता, अलीकडे सुधारलेली ही दुर्बीण एका वेळी कमाल ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा घेऊ शकते. एवढ्या रुंद पट्ट्यासाठी प्रत्येक लहरीची सेकंदाला ८० कोटी वेळा नोंद घ्यावी लागते. तबकड्या तीस, आणि प्रत्येकीकडून दोन दिशांच्या कंपनांचे दोन प्रवाह, मिळून प्रवाह साठ. तेव्हा एका सेकंदात ४,८०० कोटी आकडे येऊन पडतात. त्यांचे कंप्रतेनुसार पृथक्करण करून ४३५ जोड्यांचे गुणाकार करू गेल्यास एका दिशेच्या कंपनांपुरतेच सेकंदाला १७,४०० कोटी गुणाकार होतात. तेही साध्या संख्यांचे नव्हेत, तर दोन भाग असलेल्या संमिश्र संख्यांचे.

एवढे कच्चे आकडे साठवून ठेवून सावकाश सोडवू म्हणणे परवडणारे नसते. आकडे येत असतानाच गुणाकार आणि बेरजा करून त्यांचा सारांश तेवढा ठेवायचा असतो. यंत्र मागे पडले तर त्या क्षणाचे आकाश हातचे गेले. म्हणून येथे वेग ही चैनीची बाब राहत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणक वेगवान असतोच, मग त्यास आज्ञा कोणत्या भाषेत दिली याने वेगात फरक का पडावा? हे समजण्यास आम्हा सीमाभागातील लोकांना फार लांब जाण्याचे कारण नाही. आमच्याकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. घरातील वडीलधाऱ्या माणसास कन्नड वाचता येत नसेल, तर तो दोन मार्गांपैकी एक धरतो. एक तर कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्यास बोलावून उतारा वाचून घेतो. किंवा एकदाच त्याचे मराठी भाषांतर करून कागद पेटीत ठेवतो. उतारा एकदाच पाहावयाचा असेल तर दुभाष्याच सोयीचा. परंतु त्यातील एकच ओळ दिवसातून हजार वेळा पाहण्याची पाळी आली, तर दर वेळी शेजाऱ्यास हाक मारणारा मनुष्य वेडाच म्हणावा लागेल.

संगणकास स्वतःची एकच भाषा कळते, ती म्हणजे शून्य आणि एक यांनी लिहिलेल्या यंत्राज्ञांची. मनुष्य जे लिहितो ते त्या भाषेत न्यावेच लागते. काही भाषांची रीत अशी की, संपूर्ण लिखाणाचे आधीच एकदा यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवतात. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. काही भाषांत मात्र दुभाष्या शेवटपर्यंत शेजारी बसलेला असतो आणि आज्ञा जसजशी येईल तसतशी ती समजावून देतो. त्यास इंटरप्रिटर हे नाव आहे.

पहिल्या प्रकारातील आद्य भाषा फोरट्रान. आय. बी. एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५७ साली वापरात आणली. तिचे नावच मुळी सूत्रांचे भाषांतर अशा अर्थाच्या दोन शब्दांची अक्षरे घेऊन बनले आहे. मुंबईस टाटा संशोधन संस्थेत १९६४ साली सी. डी. सी. ३६०० हा संगणक आला, तेव्हापासून आपल्याकडील पुष्कळ शास्त्रज्ञांनी आपली गणिते फोरट्रानमध्ये लिहून, पत्त्यांना भोके पाडून, त्या यंत्रास दिली. पुढे १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा रचली. तीही भाषांतर करून चालणारी. दुसऱ्या प्रकारातील आज सर्वत्र बोलबाला असलेली भाषा म्हणजे पायथन. नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली.

पायथन ही वाचावयास सोपी, लिहावयास सोपी. आठवीच्या मुलासही आठवड्याभरात तिच्यात बेरजा-वजाबाक्या करता येतात. परंतु या सोपेपणाची किंमत आहे. पायथनमध्ये अ आणि ब यांची बेरीज करा असे लिहिले, म्हणजे यंत्र प्रत्येक वेळी विचारते की अ म्हणजे काय? पूर्णांक आहे, दशांश संख्या आहे, की शब्द आहे? ब काय आहे? यांची बेरीज कोणत्या रीतीने करावयाची? एवढ्या चौकशीनंतर प्रत्यक्ष बेरीज होते, आणि उत्तर ठेवण्यास नवी जागा शोधली जाते. दहा लाख बेरजा असतील तर ही चौकशी दहा लाख वेळा. शिवाय पायथन प्रत्येक संख्या किराणा दुकानदाराप्रमाणे स्वतंत्र पुडीत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवते. जी दशांश संख्या मुळात ८ बाइट जागेत मावते, तिची पुडी सामान्यतः २४ बाइटांची होते. फोरट्रान आणि सी यांत आधीच सांगून ठेवलेले असते की या पोत्यात सगळ्या दशांश संख्याच आहेत. पोत्यातला माल सरळ मापाने ओढता येतो, पुड्या सोडाव्या लागत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की मग सर्व काही सी किंवा फोरट्रानमध्येच लिहावे. आमचे मत तसे नाही. वेळ दोन प्रकारचा असतो, एक यंत्राचा आणि एक माणसाचा. जे काम पायथनमध्ये दहा ओळींत होते, त्यास सीमध्ये कित्येक पट ओळी लागू शकतात, आणि ओळी वाढल्या की चुकाही वाढतात. यंत्राचे पाच सेकंद वाचविण्यासाठी माणसाने पाच दिवस खर्चावेत, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

येथे एक शोध फार उपयोगी पडतो. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, लोकांनी लिहिलेल्या फोरट्रान आज्ञावली तपासून असे दाखविले की, साधारणतः आज्ञावलीच्या शेकडा चारांहून कमी भागात तिचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. म्हणजे वेळ सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. एखाद्या लहानशा फेऱ्यात तो साचून राहतो. फाईल उघडणे, नावे वाचणे, उत्तर छापणे ही कामे एकदाच होतात. आतला गुणाकार मात्र कोट्यवधी वेळा होतो. तेव्हा सर्व आज्ञावली सोप्या भाषेत लिहावी, घड्याळ लावून वेळ कोठे जातो ते मोजावे, आणि तेवढाच तुकडा वेगवान भाषेत लिहून मूळ आज्ञावलीस जोडावा. दोन भाषांची सांगड घालण्याचे सर्व रहस्य एवढेच आहे. मात्र मोजल्याशिवाय तुकडा निवडू नये. अनुभवी माणसाचाही या बाबतीतला अंदाज पुष्कळदा चुकतो.

किती लाभ होईल, हेही आधी काढता येते. समजा, एका आज्ञावलीस १०० मिनिटे लागतात, आणि त्यांपैकी ९० मिनिटे एकाच फेऱ्यात जातात. तो फेरा सीमध्ये लिहून तीसपट वेगवान केला. ९० मिनिटांची ३ झाली. बाकीची १० आहेत तशीच राहिली. एकूण १३ मिनिटे. फेरा तीसपट वेगवान झाला तरी संपूर्ण काम पावणेआठ पटींच्या आतच वेगवान झाले. आणखी पुढे जाऊन समजा की फेऱ्यास वेळच लागेनासा झाला. तरीही १० मिनिटे उरतातच, म्हणून लाभ दहापटीच्या पलीकडे जाणे शक्य नाही. हा नियम जीन ॲमडॉल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९६७ साली मांडलेल्या युक्तिवादावर तो आधारलेला आहे. उलटपक्षी, फेरा तसाच ठेवून बाकीची दहा मिनिटे कितीही कष्टाने पुसून टाकली, तरी काम ९० मिनिटांच्या खाली येत नाही. चुकीच्या जागी घाम गाळण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

सांगड घालण्याचे काम आज पुष्कळसे तयारच मिळते. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी सिद्ध केलेल्या नमपाय या संचाची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली निघाली. तिच्यात पायथनने संख्यांच्या पुड्या न बांधता एकाच जातीच्या संख्या ओळीने पोत्यात भरल्या जातात, आणि त्यांवरील क्रिया सीमध्ये लिहिलेल्या असतात. मोठमोठ्या सारण्यांचे गुणाकार तर त्याहून जुन्या मांडणीने होतात. फोरट्रानसाठी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लास या मूलक्रियांच्या संचाची नावे आणि रीत आजही चालू आहे. एस्टोनियाचे पिअरू पीटरसन यांनी केलेल्या एफटूपाय या साधनाने फोरट्रानचा जुना तुकडा पायथनमधून हाक मारण्याजोगा होतो. सायथन आणि नम्बा ही साधने तर पायथनसारख्या लिखाणाचेच भाषांतर करून देतात. पायथन लिहिणारा शाळकरी मुलगा नमपाय वापरतो तेव्हा तो नकळत दोन-तीन भाषा एका वाक्यात बोलत असतो. आमच्या गावच्या बाजारात हे दृश्य नवे नाही.

परंतु एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना सीमा ओलांडावी लागते, आणि सीमेवर थांबावे लागते, याचा विसर पडता कामा नये. पायथनने सीला हाक मारली की पुड्या सोडणे, चिठ्ठ्या तपासणे, परत येताना उत्तराची पुडी बांधणे हे सोपस्कार होतातच. समजा, एका हाकेच्या सोपस्कारास ५० घटका आणि एका संख्येच्या प्रत्यक्ष कामास १ घटका लागते. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) दहा लाख संख्या एकेक करून पलीकडे पाठविल्या, तर ५ कोटी १० लाख घटका लागतील. त्याच संख्या एका गाडीत भरून एकदाच नेल्या, तर १० लाख ५० घटकांत काम आटोपते. काम तेच, भाषा त्याच, आणि फरक जवळजवळ ५१ पटींचा! वेगवान भाषा जोडूनही आज्ञावली मंदच राहिली अशी तक्रार पुष्कळ नवशिके करतात. तेथे तुकडा फार लहान निवडलेला असतो आणि नाक्यावरच्या फेऱ्या फार झालेल्या असतात. फेऱ्यातील एक गुणाकार नव्हे, तर संपूर्ण फेराच पलीकडे न्यावा.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. प्रार्थनेच्या वेळी मैदानावर मुले रांगांनी उभी असतात. एक शिक्षक हजेरी आडव्या ओळींनी घेतो, दुसरा उभ्या रांगांनी. मुले तीच; पण वहीत नावांचा क्रम निराळा उतरतो. सी आणि फोरट्रान यांच्यात नेमका हाच भेद आहे. पुढील दोन ओळींची सारणी घ्या.

१ २ ३
४ ५ ६

सी ती स्मृतीत १, २, ३, ४, ५, ६ अशी ओळीओळीने ठेवते. फोरट्रान तीच सारणी १, ४, २, ५, ३, ६ अशी स्तंभास्तंभाने ठेवते. सीने लिहिलेली यादी काही न सांगता फोरट्रानच्या हाती दिली, तर फोरट्रान पहिल्या स्तंभात १, २ भरील, दुसऱ्यात ३, ४ आणि तिसऱ्यात ५, ६. म्हणजे वरची ओळ १ ३ ५ आणि खालची २ ४ ६ अशी होऊन बसेल. यंत्र कसलीही तक्रार करणार नाही. ते उत्तर देईल, वेगाने देईल, आणि उत्तर चुकीचे असेल. यात भर म्हणून सी आणि पायथन मोजणी शून्यापासून सुरू करतात, तर फोरट्रान सामान्यतः एकापासून.

या मांडणीचा वेगाशीही संबंध आहे. बहुतेक यंत्रे स्मृतीतून एक संख्या मागितली तरी ६४ बाइटांचा गठ्ठा उचलून आणतात. त्यात ८ बाइटांच्या शेजारच्या आठ संख्या येतात. ज्या क्रमाने मांडल्या त्याच क्रमाने वापरल्या तर एका खेपेत आठांचे काम होते. मोठ्या सारणीत आडव्या मांडणीवर उभे चालू लागले, तर एका संख्येसाठी एक खेप पडते आणि बाकीच्या सात फुकट जातात. विहिरीवरून घागर भरून आणावी, ओंजळभर वापरावी आणि उरलेले ओतून पुन्हा विहिरीवर जावे, तसा हा प्रकार.

आता पुन्हा खोडदकडे जाऊ. सुधारित जी. एम. आर. टी.च्या हिशेबाची वाटणी पाहण्यासारखी आहे. लहरींचे आकडे करून ते पुढे धाडण्याचे काम एफपीजीए नावाच्या चिपांकडे असते, ज्यांच्या आतील जोडणीच कामाप्रमाणे बदलता येते. जोड्यांचे गुणाकार जीपीयू या चित्रकामासाठी जन्मलेल्या प्रक्रियकांवर होतात. त्यांना सी भाषेच्या कूडा या वाढीव रूपात आज्ञा देतात. ज्याला जे साधते ते त्याच्याकडे.

यापेक्षाही बोधप्रद उदाहरण त्याच दुर्बिणीच्या आकाशपाहणीचे आहे. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात जी. एम. आर. टी.ने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. पाहणीचे तास दोन हजारांहून अधिक, आणि आकाशाचे तुकडे ५,३३६. या कंप्रतेवर पृथ्वीभोवतालचा आयनमंडलाचा थर लहरींना सारखा हलवीत असतो, म्हणून प्रत्येक तुकड्याचे चित्र दुरुस्त करणे अत्यंत जिकिरीचे. हाताने एकेक तुकडा करीत बसल्यास किती माणसांची किती वर्षे जातील, याची कल्पना वाचकांनीच करावी. या चित्रांसाठी लागणारे मूळ गणित एप्स नावाच्या अमेरिकन आज्ञावलीसंचात पूर्वीच होते. त्याची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाली आणि तो मुख्यत्वे फोरट्रानमध्ये लिहिलेला आहे. हाईब इंटेमा यांनी स्पाम नावाची जी कार्यप्रणाली तयार केली, तिने हा जुना संच फेकून दिला नाही. वरचा कारभार पायथनकडे दिला आणि जड हिशेबासाठी फोरट्रानच्या त्या जुन्या कारागिरांना हाक मारली. दोघांमधील दुभाष्याचे नाव पार्सलटंग. हॅरी पॉटर वाचलेल्या मुलांना ते ओळखीचे वाटेल, कारण त्या गोष्टीत सापांच्या भाषेस हेच नाव आहे, आणि पायथन म्हणजे अजगरच! शास्त्रज्ञांनाही विनोदाचे वावडे नसते.

या पद्धतीने माणसाचा हात फारच थोडा लागून ९५ टक्क्यांहून अधिक तुकड्यांची चांगली चित्रे मिळाली. इंटेमा आणि त्यांचे तीन सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत संपूर्ण आकाशाचा शेकडा नव्वद भाग आला असून सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी आहे. ती जगातील कोणासही पाहता येते. नारायणगावच्या शेतांमधून टिपलेले आकाश असे जगापुढे आले, त्यात दोन पिढ्यांच्या दोन भाषांचा वाटा आहे.

दोन भाषांचा संसार कटकटीचा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. फोरट्रानचा तुकडा बिघडला आणि तो जाणणारा मनुष्य निवृत्त झालेला असला, तर पायथन जाणणाऱ्या तरुणांची मोठी पंचाईत होते. यावर उपाय म्हणून २०१२ साली ज्युलिया ही भाषा जगापुढे आली. तिच्या चार कर्त्यांमध्ये विरल शहा हे भारतीय आहेत. लिहिण्यास सोपी आणि चालण्यास वेगवान अशी एकच भाषा असावी, हा तिचा हेतू. हेतू उत्तम आहे आणि त्यात तिला बरेच यशही आले आहे. तरीपण साठ-पासष्ट वर्षांत फोरट्रानमध्ये साठलेले, पुनःपुन्हा तपासलेले गणित कोणी एका दिवसात पुन्हा लिहून काढणार नाही. म्हणून सांगड घालण्याची विद्या शिकून ठेवावी, असे आम्हांस वाटते.

एक सूचना राहिली. वेगवान तुकडा जोडल्यावर जुना, मंद तुकडा पुसून टाकू नये. लहानशा उदाहरणावर दोन्ही चालवून उत्तरे ताडून पाहावीत. शेवटच्या एखाद्या दशांश स्थळी फरक दिसला तर घाबरू नये, कारण यंत्रातील दशांश बेरजा क्रम बदलला की किंचित बदलतात. फरक पहिल्या-दुसऱ्या अंकातच दिसला, तर मात्र ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली आहे काय, ते सर्वांआधी पाहावे.

वाचकांसाठी दोन उदाहरणे देतो. एका आज्ञावलीस ८० मिनिटे लागतात आणि त्यांतील ६० मिनिटे एका फेऱ्यात जातात. फेरा वीसपट वेगवान केल्यास एकूण किती वेळ लागेल? आणि दुसरे : तीन ओळी व चार स्तंभ यांच्या सारणीत सीने १ ते १२ या संख्या ओळीओळीने भरल्या आणि ती यादी तशीच फोरट्रानला तीन ओळी व चार स्तंभ म्हणून दिली. दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या स्तंभात मुळात ७ होते. आता तेथे कोणती संख्या असेल? पहिल्याचे उत्तर २३ मिनिटे येते. दुसऱ्याचे फळ्यावर सारणी मांडून काढावे.